आपत्तीचे अनुदान आणि आपला हिशेब

नदीकाठची, ओढ्याकाठची, नाल्याकाठची जागा गावात आणि शहरात कोणाच्या वाट्याला आली, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. गावकुसाबाहेरची वस्ती बहुतेक ठिकाणी सखल भागात असते. शहरातली झोपडपट्टी नाल्याला लागून, डोंगराच्या उतारावर किंवा रेल्वेच्या कडेला असते. म्हणून पूर आला की पहिले पाणी आपल्या घरात शिरते आणि ओसरताना सर्वांत शेवटी आपल्याच घरातून बाहेर पडते. मदतीचे मात्र उलटे होते. ती वरच्या आळीत सुरू होते आणि आपल्यापर्यंत येईतो यादी बंद झालेली असते.

यात दर वेळी कोणी मुद्दाम डाव साधतो असे नाही. काही ठिकाणी तसेही घडते, त्याचा विचार पुढे करू. पण पुष्कळदा नियमाची रचनाच अशी असते की ज्याच्या नावावर काही आहे त्याचेच नुकसान कागदावर उमटते. घर नावावर नाही, जमीन नावावर नाही, दुकानाचा परवाना नाही, असा माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला तरी पंचनाम्यात कोरडाच राहतो. मी व्यवसायाने कारकून. आयुष्य रजिस्टरे आणि पावत्यांत गेले. तेव्हा भाषणापेक्षा हिशेब मांडणे मला बरे जमते. आज तोच मांडतो.

हा पैसा येतो कोठून?

पूर, भूकंप, वादळ आले की पुढारी हेलिकॉप्टरने येतात, 'सरकार तुमच्या पाठीशी आहे' म्हणतात आणि धनादेशाचे वाटप होते. बघणाऱ्याला वाटते, साहेबांनी मोठ्या मनाने दिले. तसे काही नसते. हा पैसा आधीच ठरलेला असतो आणि कायद्याने ठेवलेला असतो.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २८० प्रमाणे दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. केंद्राने राज्यांना किती वाटा द्यायचा याची शिफारस तो आयोग करतो. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीचा प्रश्न बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेतच अभ्यासाला घेतला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीचा पैसा कोणत्या वाटेने कोणापर्यंत जातो, हा विषय आपल्याला परका नाही. आपल्या बापाने तो शंभर वर्षांपूर्वी हाताळलेला आहे.

नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी सुरू झाला. पुढे २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या कलम ४८ प्रमाणे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आणि कलम ४६ प्रमाणे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी निर्माण झाला. महाराष्ट्रासारख्या राज्यात राज्य निधीचे शंभर रुपये असतील तर त्यात ७५ रुपये केंद्राचे आणि २५ राज्याचे असतात. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० असे आहे. आपत्ती मोठी असेल, राज्याचा निधी पुरत नसेल, तेव्हा राष्ट्रीय निधीतून भर घातली जाते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती निधीची रक्कम १,६०,१५३ कोटी रुपये धरली. त्यातला ८० टक्के भाग मदत व पुनर्वसनासाठी आणि २० टक्के भाग आपत्ती येण्याआधीच तिची धार कमी करण्यासाठी ठेवला. हा २० टक्क्यांचा भाग ध्यानात ठेवा. नाल्याला भिंत बांधणे, पाण्याला वाट करून देणे असली कामे तिथे बसतात. आपल्या वस्तीने त्याची मागणी केल्याचे मला क्वचितच दिसले.

थोडक्यात, हा पैसा कोणाच्या खिशातला नाही. आगपेटीपासून चपलेपर्यंत जे जे आपण विकत घेतो त्यावर कर भरतो. गरिबाच्या कराचा पैसाही त्या तिजोरीत असतो. तेव्हा अनुदान घेताना मान खाली घालायचे कारण नाही.

दर काय असतात?

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी मदतीचे निकष ठरवून दिले होते. दर अधूनमधून बदलतात आणि राज्य शासन आपल्या तिजोरीतून त्यात भर घालू शकते. म्हणून प्रत्येक आपत्तीनंतर चालू शासन निर्णय तहसील कार्यालयातून पाहून घ्यावा. पण अंदाज यावा म्हणून त्या निकषांतील मुख्य आकडे वहीत उतरवून ठेवा.

माणूस मृत्यू पावल्यास वारसाला ४ लाख रुपये. कायमचे अपंगत्व ४० ते ६० टक्के असेल तर ७४ हजार, ६० टक्क्यांच्या वर असेल तर अडीच लाख. गंभीर दुखापत होऊन आठवड्यापेक्षा जास्त दिवस रुग्णालयात राहावे लागले तर १६ हजार, त्याहून कमी दिवसांसाठी ५,४००.

घर पूर्ण पडले तर सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. अंशतः पडझड असेल, म्हणजे निदान १५ टक्के नुकसान असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४ हजार. झोपडीसाठी ८ हजार. गोठ्यासाठी ३ हजार. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी आणखी २,५००.

दुभती गाय किंवा म्हैस ३७,५००, ओढकामाचा बैल ३२ हजार, शेळी-मेंढी ४ हजार, कोंबडी १०० रुपये. जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७ हजार, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. हस्तकला व हातमाग कारागिरांना हत्यारे-अवजारांसाठी ५ हजार आणि कच्च्या मालासाठी ५ हजार.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, सपाट भागातल्या वस्तीतील एका कुटुंबाचे घर पुरात पूर्ण पडले, दोन शेळ्या आणि दहा कोंबड्या वाहून गेल्या. घराचे १,२०,०००, कपड्यांचे २,५००, भांड्यांचे २,५००, शेळ्यांचे ८,०००, कोंबड्यांचे १,०००. एकूण १ लाख ३४ हजार रुपये. आता याच कुटुंबाचा पंचनामा कोणी घाईत उरकला आणि 'कच्चे घर, अंशतः पडझड' असा शेरा मारला, शेळ्या-कोंबड्यांची नोंदच केली नाही, तर हाती काय पडेल? फक्त ४ हजार. फार तर कपड्या-भांड्यांचे ५ हजार वर. एका शब्दाच्या फरकाने सव्वा लाखावर पाणी पडते. नदीने जेवढे नेले नाही तेवढे लेखणी नेते, ते असे.

शासन याला नुकसानभरपाई म्हणत नाही. 'मदत' म्हणते. म्हणजे गेले तेवढे सगळे भरून द्यायचे नाही, उभे राहण्यापुरता हात द्यायचा. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात १ लाख २० हजारांत काय उभे राहते हे गवंड्याला विचारा. म्हणून मोठ्या आपत्तीत राज्याचे वेगळे पॅकेज येते. जुलै २०२१ च्या महाड-चिपळूण, सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर राज्याने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टीने हाहाकार केला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले आणि पीक मदतीची मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत वाढवली गेली. आकडे डोळे दिपवणारे असतात. प्रश्न एवढाच की त्यातली ओळ आपल्या घरापर्यंत येते का?

नियमाच्या चाळणीतून कोण गळते?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गाडली गेली. जागतिक बँकेच्या कर्जाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसवली. घरे चांगली, भूकंपाला टिकतील अशी दिली, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण घर किती मोठे द्यायचे हे कशावर ठरले? जमिनीवर. भूमिहीन आणि अगदी अल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्यावरच्या शेतकऱ्याला ४५० आणि सात हेक्टरांहून जास्त जमीनवाल्याला ७५० चौरस फूट. घरात माणसे किती, हा प्रश्न मागे पडला. भूमिहीन कोण होते ते निराळे सांगायला नको. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका झटक्यात सारखीच केली होती. सरकारी नकाशाने त्यांच्यातले अंतर पुन्हा आखून दिले.

त्याच कार्यक्रमात एक चांगली गोष्टही झाली, तीही सांगितली पाहिजे. जिथे गाव हलवायचे नव्हते, घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते, अशा गावांत 'संवाद सहायक' म्हणून स्थानिक बायका नेमल्या. महिला मंडळांतून त्यांनी अनुदान कोणते, हप्ता कधी, सिमेंट कसे वापरायचे याची माहिती घरोघर पोचवली. साधी शिकलेली बाई अभियंत्याला उलट प्रश्न विचारू लागली. माहिती हाती असली की माणूस लाभार्थी राहत नाही, मालक होतो, हे तिथे दिसले.

असा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असे समजू नका. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. केंद्र सरकारच्या अनुदानातून लुईझियाना राज्याने घरबांधणीची 'रोड होम' नावाची योजना काढली. नियम असा होता की घराची वादळाआधीची बाजारातील किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, या दोहोंत जी रक्कम कमी असेल ती पकडून अनुदान द्यायचे. वरवर पाहता यात काळा-गोरा हा शब्दही नाही. पण काळ्या लोकांच्या वस्तीत घरांना भाव कमी. विटा-लाकडाचा खर्च मात्र दोघांना सारखाच. गोऱ्याच्या घराला पुरेल एवढे मिळाले आणि तशाच घरासाठी काळ्या कुटुंबाला अपुरे. तिथल्या संस्थांनी २००८ मध्ये दावा लावला आणि २०११ मध्ये तडजोड होऊन घरमालकांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर आणखी काढावे लागले. नियम लिहिताना कोणाचे नाव वगळावे लागत नाही. मोजायची पट्टी कोणती घेतली यावरच सारे ठरते.

आपल्याकडे ती पट्टी 'नावावर काय आहे' ही आहे. तिच्यातून चार प्रकारची माणसे गळतात.

पहिला, गायरानात किंवा अतिक्रमित जागेत राहणारा. केंद्राच्या निकषांत पडलेले घर अधिकृत बांधकाम असावे अशी अट आहे. पण त्याच निकषांत झोपडी हा वेगळा प्रकार धरलेला आहे. गवत, माती, प्लॅस्टिक यांचा निवारा असेल तर झोपडीची मदत मागा. घरपट्टीची पावती, वीज बिल, मतदार यादीतील नाव, शिधापत्रिका हे सारे जोडा. त्याने मालकी सिद्ध होत नाही, वास्तव्य होते. वास्तव्य सिद्ध झाले की निदान कपडे, भांडी, अन्न यांचा हक्क बुडवता येत नाही.

दुसरा, भाडेकरू. घर मालकाचे, म्हणून घराची मदत मालकाला. पण वाहून गेलेली चूल, धान्य, कपडे, शिलाई मशीन भाडेकरूचे होते. ते त्याच्याच नावे नोंदले गेले पाहिजे.

तिसरी, बाई. एका गावातली गोष्ट सांगतो. विधवा बाई, दोन मुले, अकरा वर्षे त्याच घरात. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव मात्र मुंबईला राहणाऱ्या दिराचे. पुरात घर पडले, पंचनामा दिराच्या नावे झाला, पैसा दिराच्या खात्यावर गेला. बाई समाज मंदिरात मुलांना घेऊन राहिली. शेवटी वस्तीतल्या चार मंडळींनी दिराला बसवून समजावले, तेव्हा निम्मे मिळाले. निम्मेच. हे सर्व टळले असते, जर पंचनाम्यात 'प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव' लिहून घेतले असते आणि घराची वारस नोंद वेळेवर झाली असती. नवरा वारल्यावर वर्षश्राद्धाला पैसे घालवणारे घर वारस नोंदीच्या अर्जाला का कंटाळते, ते मला कळत नाही.

चौथा, मजूर. शेत बुडाले तर शेतकऱ्याच्या पिकाचा पंचनामा होतो. त्या शेतावर खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला, त्याचा पंचनामा कोण करतो? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत हेच झाले. बोट आणि जाळे ज्याचे त्याला मदत, किनाऱ्यावर मजुरी करणारा दलित यादीबाहेर. यावर तेव्हा अहवाल निघाले. उपजीविका गंभीरपणे बुडालेल्या कुटुंबांना जगण्यापुरती मदत देण्याची तरतूद निकषांत आहे, पण ती शोधून मागावी लागते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मजुराला काम देण्याची योजना सुरू केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. देशाने पुढे तो धडा घेतला. मजुराचे नुकसान हेही नुकसान आहे, हे आपल्याच राज्याने पहिल्यांदा कायद्यात लिहिले. तेव्हा ही मागणी करताना संकोच कसला?

भेदभाव झाला तर?

आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ प्रत्येकाने पाठ करावे. मदत व भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. मदत छावणीत पाण्याचा टँकर वेगळा, जेवणाची पंगत वेगळी, यादी लावताना वस्ती वगळली, असे कुठे घडले तर तोंडी भांडत बसू नका. तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेल्यांची नावे लिहून तहसीलदार व जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि कलमाचा उल्लेख करा. जिल्हाधिकारी हेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जातीवरून हेतुपुरस्सर त्रास दिला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

मदतीचा पैसा किंवा सामान हडप करणाऱ्याला कलम ५३ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि लक्षात ठेवा, खोटा दावा करणाऱ्यालाही कलम ५२ प्रमाणे तितकीच शिक्षा आहे. शेजाऱ्याने लिहिले म्हणून आपणही एक नसलेली म्हैस लिहावी, असा मोह होतो. तो आवरा. आपल्या वस्तीतला एक खोटा अर्ज सापडला की दहा खऱ्या अर्जांवर संशयाची रेघ ओढली जाते.

कायद्याचा उपयोग होतो का, असे विचारणाऱ्यांना कोविडचे उदाहरण देतो. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना सानुग्रह मदत द्यायला सरकार तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी सांगितले की या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे किमान मदतीचे निकष ठरवणे बंधनकारक आहे. त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये ठरले आणि ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दिले गेले. एका कलमातल्या एका शब्दाने लाखो घरांना हक्क मिळवून दिला.

पावसाळ्याआधी आणि पुरानंतर

आता कामाचे बोलू. प्रत्येक वस्तीत दोन मुलगे आणि दोन मुली शिकलेल्या असतात. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही द्या. तिच्यात घरवार नोंद करा. कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातली माणसे, घर कच्चे की पक्के, कोणाच्या नावावर, राहतो कोण, शिधापत्रिका क्रमांक, आधारला जोडलेले बँक खाते, जनावरे किती, अपंग किंवा आजारी माणूस आहे का. मे महिन्यात ही वही पुरी करा. तिच्या दोन प्रती काढा, एक विहारात आणि एक गावातल्या उंच जागेवरच्या घरात ठेवा. जातीचा दाखला, जात पडताळणी, शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचे कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगा. मोबाइलवर त्यांचे फोटो काढून मुलांच्या डिजिलॉकर खात्यातही ठेवा. पुरात भिजलेला जातीचा दाखला पुन्हा काढताना मुलाचे कॉलेजचे वर्ष जाते, हे मी कार्यालयात बसून पाहिले आहे.

पाणी ओसरले की भिंतीवर जिथपर्यंत पाणी चढले तिथे खडूने नव्हे, रंगाने खूण करा. चिखल काढण्याआधी फोटो काढा. मेलेल्या जनावराचा पंचनामा होईपर्यंत विल्हेवाट लावू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या. माणूस गेला असेल तर शवविच्छेदन टाळू नका. मन तयार होत नाही, पण त्या कागदावाचून चार लाखांचा अर्ज अडतो.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माणूस तोच, पद तेच. ते आले तेव्हा घरातले जाणते माणूस हजर पाहिजे. मजुरीला जाणाऱ्यांनी आळीपाळीने एकाला मागे ठेवावे. पंचनामा वाचून घ्या किंवा शाळकरी पोरीकडून वाचून घ्या. 'पूर्ण' की 'अंशतः', 'कच्चे' की 'पक्के', 'घर' की 'झोपडी', हे तीन शब्द नीट पाहा. मगच सही किंवा अंगठा करा. कोऱ्या कागदावर अंगठा कधीही नाही.

पंचनाम्यात नाव आले नाही तर दोन प्रतींत अर्ज करा. एक प्रत कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला लागते, ती जाऊन वाचा. रक्कम खात्यावर येण्यासाठी आधार प्रमाणीकरण करायला सांगितले असेल तर मुदतीत करा. तरीही दाद लागत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. 'आमच्या वस्तीतील किती घरांचे पंचनामे झाले, किती मंजूर, किती नामंजूर आणि नामंजुरीचे कारण काय', एवढा एक प्रश्न पुरतो.

मदत कोणत्या आपत्तीला मिळते याबद्दलही गैरसमज आहेत. पूर, भूकंप, चक्रीवादळ, गारपीट, दरड, ढगफुटी यांबरोबर आगही केंद्राच्या यादीत आहे. झोपडपट्टीला लागलेल्या आगीनंतरही हा हक्क तपासून पाहा. वीज पडून होणाऱ्या मृत्यूला राज्याने आपल्या यादीत घेतले आहे. शेतात राबणारी आपली माणसे विजेने जास्त मरतात, हे ध्यानी ठेवा.

घर उभे राहिले, पुढे काय?

आपत्ती घर पाडून थांबत नाही. कर्ता गेला की मुले शाळेतून निघतात, मुलीचे लग्न घाईने उरकले जाते, सावकाराची पायरी चढावी लागते. इथे सामाजिक सेवांची अनुदाने कामाला येतात, आणि ती आपत्ती निधीपेक्षा वेगळी आहेत. एक घेतले म्हणून दुसरे बंद होत नाही.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कर्ता वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकरकमी मिळतात. निराधार, विधवा, अपंग यांच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना. अनाथ किंवा एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. पडलेल्या घराच्या जागी पक्के घर बांधायचे तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. वस्तीतले रस्ते, गटारे, पाणी यांसाठी, पूर्वी आपण जिला दलित वस्ती सुधार म्हणत होतो ती योजना आहे. मागच्या पुरात पाणी तुंबले ते गटार नसल्यामुळे, असा ठराव ग्रामसभेत लिहून घ्या. पुढच्या आराखड्यात ते काम धरायला भाग पाडा. कमान आणि पेव्हर ब्लॉक नंतर करता येतील, आधी पाण्याला वाट द्या.

आपल्या संस्थांचा हिशेब

शेवटचा मुद्दा आपल्याच घरातला आहे आणि तो बोलल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. आपत्तीत आपली मंडळे, विहार समित्या, महिला मंडळे धावतात. वर्गणी जमते, कधी शासनाचे अनुदानही मिळते. काम प्रामाणिक होते, पण हिशेब राहत नाही. आमच्या भागातल्या एका मंडळाने पूरग्रस्तांना रात्रंदिवस जेवण पुरवले. सहा महिन्यांनी कोणीतरी प्रश्न काढला, 'तांदळाची पोती किती आली, किती गेली?' साठा नोंदवही नव्हती. खाल्ले कोणीच नव्हते, पण सिद्ध कसे करणार? ज्यांनी रक्ताचे पाणी केले त्यांच्यावर शिंतोडे उडाले आणि पुढच्या पुरात कोणी पुढे आले नाही. चोरीपेक्षा बेहिशेबीपणाने आपल्या चळवळीचे जास्त नुकसान केले आहे.

म्हणून अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने पाच गोष्टी पाळाव्यात. अनुदानासाठी वेगळे बँक खाते. प्रत्येक खर्चाची पावती, शक्यतो धनादेशाने किंवा खात्यावरून. सामानाची साठा नोंदवही आणि वाटपाच्या यादीवर घेणाऱ्याची सही. ज्या कारणासाठी पैसा आला त्याच कारणासाठी खर्च. ब्लँकेटचे पैसे मंडपाला नाहीत, मंडप बाबासाहेबांच्या जयंतीचा असला तरी नाही. आणि वर्ष संपल्यावर मुदतीत उपयोगिता प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र दिले नाही तर पुढचा हप्ता थांबतो आणि शिल्लक रक्कम परत करावी लागते. हिशेब विहाराच्या फळ्यावर लावा. धम्मात सम्यक आजीविका सांगितली आहे. समाजाच्या पैशाचा चोख हिशेब ही तिची पहिली पायरी.

बंधू-भगिनींनो, पाऊस थांबवणे आपल्या हाती नाही. भूकंपाची वेळ कोणी सांगू शकत नाही. पण पंचनाम्यातला शब्द, अर्जावरची पोच, वारस नोंद आणि वस्तीची वही आपल्या हाती आहे. 'शिका' हा आदेश मुलांच्या पदव्यांपुरता नव्हता. शासन निर्णयाचे एक पान वाचता येणे हेही शिकणेच आहे. या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास जास्त बसा आणि वहीचे पहिले पान लिहा. ज्यांचे घर सर्वांत सखल भागात आहे, त्यांचे नाव सर्वांत आधी.

जयभीम!